मशीनचं हेड, खंबाटकी घाट आणि मावशी: एका एसटी प्रवासाची केस

मी सर्व्हेच्या पोरांना ट्रेनिंग देते. घरोघरी जाऊन फॉर्म भरणारी मुलंमुली असतात ना, त्यांना दारात उभं राहून बोलणं सुरू कसं करायचं हे शिकवायचं माझं काम, आणि गंमत बघा, मला स्वतःला एसटीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला जमत नाही. ट्रेनिंगमधे मी एकदम भारी असते, हातात फॉर्म, गळ्यात आयकार्ड, बोलायला कारण असतं. ते कारण काढून घेतलं की माझी बोलती बंद. म्हणून मे 2024 मधला स्वारगेट ते कराड हा एक प्रवास मी घरी पोचल्यावर त्याच रात्री वहीत लिहून काढला, कोण काय बोललं, तेव्हा गाडी कुठं होती, माझ्या डोक्यात काय चाललेलं, सगळं. नंतर बॅचला केस म्हणून वाचून दाखवला, त्यावर पोरांनी मला बरंच धुतलं पण, तेही धरून इथं लिहितेय.

शुक्रवार, दुपारी दोनची गाडी. साधी लालपरी, ऊन असलं की सीटचं रेक्झीन बसल्या बसल्या चटका देत होतं. रुमाल टाकून जागा धरण्याइतकी मी चपळ कधीच नव्हते त्यामुळे खिडकी गेली, कडेची सीट मिळाली. खिडकीला एक बाई, साठीच्या अलीकडच्या असतील, गोल साडी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, आणि दोन्ही पायांच्या मधे जुन्या गोधडीत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी जड बोचकं. जड हे कशावरून, तर कंडक्टरनं ते पायानं आत सरकवायला बघितलं आणि ते हललंच नाही.

गाडी सुटली. कात्रजच्या चढाला मी पहिला प्रयत्न केला. म्हटलं, "कराडला किती वाजता पोचेल ओ गाडी?" त्या म्हणाल्या, "पोचंल की सांजंपतूर." संपलं. परत खिडकीबाहेर.

आता हे का पडलं? मी पंधरा वर्षं या रूटनं जातेय, गाडी किती वाजता पोचते हे मला पाठ आहे. त्यांनाही कळत होतं की हे विचारायचं असेल तर मास्तरला विचारतात, शेजारणीला नाही. खोट्या प्रश्नाला एक वास असतो, तो समोरच्याला येतोच. आणि वर मी विचारताना मोबाईल हातातच होता, स्क्रीन चालू. बॅचमधली एक मुलगी म्हणाली, मॅडम तुम्ही आम्हाला हेच करू नका म्हणून ओरडता. बरोबर आहे तिचं.

कात्रजचा बोगदा गेल्यावर मास्तर आले. मी कराड हाफ, त्या उंब्रज हाफ. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, आणि मला वाटलं की चला हा टॉपिक दोघींचा आहे. म्हटलं, "हाफ तिकिटामुळं बरं झालं नाई?" त्या म्हणाल्या, "व्हय, बरं झालं." परत संपलं. इथं प्रश्न खोटा नव्हता, पण मी त्यांच्यासमोर तयार मत ठेवलं आणि वर फक्त सही मागितली. "हो" म्हणण्यापलीकडं त्यांना करण्यासारखं काही ठेवलंच नाही. "आज फार उकडतंय ना" याचीही तीच गत होते.

पण हे दोन प्रयत्न फुकट गेले असं मी म्हणणार नाही, आणि यावरून माझं एका सहकाऱ्याशी बरंच वाजलंय. मालिनोव्स्की म्हणून एक मोठा मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेला, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून आलेला, त्यानं 1923 मधे लिहून ठेवलंय की माणसं पुष्कळदा माहिती द्यायला बोलतच नाहीत, नुसतं एकमेकांशी जोडलेलं राहायला बोलतात. आपल्याकडं हे सांगायला बेटावर जायची गरज नाही. "काय, जेवण झालं का" असं विचारणारा काही ताट वाढणार नसतो, आणि "काय, आज इकडं कुठं" याचं खरं उत्तर द्यायला लागलं तर विचारणाराच पळून जाईल. तसं बघितलं तर माझी ती दोन फालतू वाक्यं म्हणजे नुसती कडी वाजवणं होतं. त्यांना कळलं की ही बया बोलणाऱ्यातली आहे, चिडकी नाही, शहरातली असली तरी तोंड फिरवून बसणारी नाही. पुढं जे झालं ते या दोन वाक्यांशिवाय झालं असतं का? मला नाही वाटत. सहकारी म्हणतो झालंच असतं. असो.

खेड शिवापूरचा टोल येईपर्यंत मी हेडफोन घातला. हरल्यासारखं वाटत होतं खरं सांगायचं तर. आणि हे जे वाटतं ना, की समोरच्याला आपल्याशी बोलायचंच नाहीये, याच्यावर शिकागोमधे एक फार छान प्रयोग झालाय. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या दोघांनी तिथल्या रोजच्या लोकलनं जाणाऱ्या लोकांचे गट केले, काहींना सांगितलं आज अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं एकटे गप्प बसा, काहींना सांगितलं रोज जसं जाता तसं जा. 2014 मधे ते छापून आलं. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला, आणि ज्यांना नुसता अंदाज विचारला होता त्यांनी बरोबर उलटं सांगितलं होतं, की गप्प बसण्यातच मजा येईल. कारण साधं आहे, प्रत्येकाला वाटतं मला बोलायला हरकत नाही पण समोरच्याला नकोय, आणि समोरचाही हेच धरून बसलेला असतो. सगळा डबा मग मोबाईलमधे. आता आपली एसटी म्हणजे शिकागोची लोकल नव्हे, इथं ओळखदेख नसताना थेट आडनावापर्यंत पोचणारे महाभाग आहेत (त्याच्यावर येतेच), पण तो परस्पर गैरसमज मात्र अगदी तोच.

शिरवळ गेलं आणि खंबाटकी चढायला लागलो. तेव्हा पुण्याकडून जाताना घाट चढावा लागायचा, इथला बोगदा फक्त साताऱ्याकडून येणाऱ्यांना, हे या रूटच्या सगळ्यांना माहीत असायचं आणि तरी प्रत्येक वेळी कुणीतरी त्यावरून कुरकुरायचंच. वर कुठंतरी ट्रक बंद पडलेला. गाडी दहा फूट जायची, थांबायची, परत दहा फूट. असाच एक ब्रेक लागला, मग चढावर गाडी किंचित मागं आली, आणि ते गोधडीतलं बोचकं सरकून थेट माझ्या पायाला येऊन भिडलं. मी पाय आडवा घातला, पाय घातला म्हणजे काय तो अडकलाच.

"आगं आगं पाय! लागलं का गं?"

"नाही ओ मावशी. एवढं जड काय आहे?"

"मशीनीचं हेड हाय."

आणि त्यांनी गोधडीचा कोपरा उचलून दाखवला. काळं हेड, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी एका बाजूनं पार पुसून गेलेली, जिथं शिवताना डावा हात टेकतो ना नेमकी तिथं. उजव्या बाजूचं फिरवायचं चाक एका चिंधीनं घट्ट बांधून ठेवलेलं, वाटेत फिरू नये म्हणून. सुई काढलेली. मशीनच्या तेलाचा तो वास, जो एकदा नाकात बसलेला असला की वीस वर्षांनी पण ओळखू येतो, तो भसकन आला आणि मी काही ठरवायच्या आधीच बोलून गेले, "आमच्या आईच्या मशीनचा पट्टा सारखा तुटायचा, मग ती नवा आणेपर्यंत मशीन बंद."

"नवा कशाला? चामड्याचा हाय ना? ढिला झाला की बोटभर कापायचा आन तार घालून परत जोडायचा. नवा घेतीया व्हय कुणी."

झालं. पुढची 40 मिनिटं, घाट उतरून सुरूर फाटा जाईपर्यंत, आम्ही दोघी थांबलोच नाही. लेक धनकवडीला असते, तिनं मोटरची मशीन घेतली, जुनी पडून होती, ती आता सुनेसाठी गावाला चाललीय, पायाचा सांगाडा गावाकडं आहेच. सून शिकलीय पण घरात बसून तिला कंटाळा येतो. परकर शिवायला किती घ्यायचे, फॉल-पिकोला आता किती घेतात, गावात ब्लाउज शिवणारीकडं लग्नसराईत कशी वेटिंग असते. मधेच समोरच्या सीटवरची एक बाई वळून म्हणाली की पट्ट्याला मेण लावलं की घसरत नाही, आणि मावशींनी तिला तिथंच खोडून काढलं.

इथं नेमकं काय बदललं यावर आमच्या बॅचमधे सगळ्यात जास्त बोलणं झालं. पोरांचं म्हणणं, मॅडम, तुम्हाला टॉपिक मिळाला. टॉपिक तर हाफ तिकीटही होतं की. माझ्या मते फरक दुसरा आहे. एक तर ती वस्तू आमच्या दोघींच्या मधे होती, अक्षरशः माझ्या पायावर होती, तिच्याकडं बघायला मला काही निमित्त शोधावं लागलं नाही. दुसरं, मी विचारत बसले नाही, आधी माझ्या घरातलं काहीतरी सांगून टाकलं. आणि तिसरं, हे मला खूप उशिरा सुचलं, मी जे सांगितलं ते अर्धवट होतं. आईनं नवा पट्टा आणायची वाट बघणं हे मावशींच्या दृष्टीनं चूक होतं आणि ती चूक दुरुस्त करणं हे त्यांच्या हातातलं काम होतं. माणसाला मत विचारलं तर तो सांभाळून बोलतो, पण त्याला येत असलेल्या गोष्टीत तुम्ही काही चुकीचं बोललात तर तो गप्प बसूच शकत नाही. सर्व्हेला गेल्यावर पण बघा, "तुमचं मत काय" म्हटलं की दार अर्धं मिटतं, आणि "हे कांद्याचं रोप का" असं लसणाकडं बघून विचारलं की आजोबा बाहेर येतात. अर्थात मुद्दाम चूक करायची नाही हां. ते लगेच कळतं, वेळेच्या प्रश्नासारखंच.

"मावशी" या शब्दावर पण थोडं. तो माझ्या तोंडून आपोआप गेला आणि नशिबानं बरोबर गेला. पुण्यातल्या सोसायट्यांमधे कामाला येणाऱ्या बायकांना सरसकट मावशी म्हणतात, त्यामुळे तिथल्या एखाद्या बाईला मावशी म्हटलं तर ती डोळे वटारते, तिथं काकू चालतं. कराडकडं काकू म्हटलं की माणूस लांब जातो, मावशी म्हटलं की माहेरचं होतं. आणि साठीच्या आतल्या बाईला आजी म्हणालात तर तुमचा प्रवास शांततेत पार पडेल एवढंच सांगते. दादा-ताई मात्र कुठंही चालतं, काही सुचेना तर तेच. आपल्याकडं बोलायला सुरुवात पुष्कळदा वाक्यानं होतच नाही, या एका शब्दानं होते, आणि तो चुकला तर पुढचं वाक्य कितीही गोड असू दे.

आता बोलणं सुरू झालं की जे ठरलेलं येतं ते आलंच. "कुठली गं तू?" गाव सांगितलं. "माहेर का सासर?" माहेर. "मग तिकडं अमक्या मळ्यात आमची नणंद दिलीया." मळा माहीत होता, नणंद माहीत नव्हती. इथपर्यंत मला आवडतं सगळं, गाव विचारणं म्हणजे दोघांनी मिळून नकाशावर बोट ठेवायला जागा शोधणं. पण त्याच्या मागोमाग, "आडनाव काय?"

मी सांगितलं. त्यांच्या डोळ्यात एक छोटासा हिशोब झाला, अर्धा सेकंद, तो मला दिसला. काय हिशोब ते लिहायची गरज नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा तरी केलाय किंवा आपल्यावर होताना बघितलाय. मावशी काही वाईट बाई नव्हत्या, त्यांनी पुढं काही विचारलं पण नाही, पण मी बॅचला ठाम सांगते, गाव विचारा, आडनाव विचारू नका. निम्म्या लोकांना तो प्रश्न ओळखीचा वाटतो आणि निम्म्यांना परीक्षेचा, आणि कोण कुठल्या निम्म्यातला हे दारात उभं राहून आपल्याला कळत नसतं. फॉर्मवर नाव लिहायचंच असेल तर ते शेवटी, ओळख झाल्यावर, तेही ज्याला जेवढं सांगायचंय तेवढंच.

आणि मग दुसरा ठरलेला. "लेकरं किती?"

"नाहीत."

मी लग्नाला नऊ वर्षं झालेली बाई आहे, या प्रश्नानंतर काय काय येतं याची यादी माझ्याकडं पाठ आहे, देव, डॉक्टर, कुणाच्या तरी जावेला कुठल्याशा औषधानं कसा गुण आला. मी अंग आक्रसून बसले. मावशी म्हणाल्या, "बरं. मग मशीन येतीया का तुला?"

मी हसलेच. त्यांच्या दृष्टीनं लेकरं आणि मशीन हे एकाच फॉर्मवरचे दोन रकाने होते, पहिला रिकामा तर पुढचा बघू. मला इतकी वर्षं वाटत होतं की हे प्रश्न माझ्यावर रोखलेले असतात. काही जण रोखतातच, नाही असं नाही. पण पुष्कळ जण नुसते ओळीनं चाललेले असतात, कुठं काहीतरी लागेल म्हणून.

मशीन येत नाही म्हटल्यावर मला पाच मिनिटं बोलणी बसली, ती वेगळी.

साताऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. मावशी उठल्या, म्हणाल्या, "बघशील का गं हेडाकडं, आले मी," आणि गेल्या. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं, त्यांचं मला. येताना लिमलेटच्या गोळ्या घेऊन आल्या, दोन माझ्या हातावर ठेवल्या. अनोळखी माणसाकडून खायचं काही घेऊ नका हे लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं आहे आणि ते योग्यच आहे, पण गोळीला कागद होता आणि मी त्यांचं मशीन राखलं होतं, मी खाल्ली.

साताऱ्याच्या पुढं आम्ही फार बोललो नाही. त्या नागठाण्याच्या आसपास झोपल्या, मान खिडकीला टेकून. मला आधी वाटलं संपलं, बोअर झाल्या. कारण मी मधेच म्हणून गेले होते की तुम्हीपण याला मोटर बसवून घ्या की, आणि त्यावर त्या गप्प झाल्या होत्या. पैशाचं आलं का मधे, मी शहाणपणा केला का, कराड येईपर्यंत हेच घोळत होतं डोक्यात. याला पण अभ्यास आहे बरं का. एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2018 मधे दाखवलं की पहिल्या भेटीतल्या गप्पा झाल्या की माणूस आपल्याबद्दल समोरच्याला काय वाटलं याचा अंदाज कमीच लावतो, म्हणजे आपण त्याला जेवढे आवडलेलो असतो त्यापेक्षा कमी आवडलो असं धरून चालतो. हे मला ट्रेनिंगच्या स्लाईडवर चार वर्षं माहीत आहे. गाडीत बसल्यावर त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

उंब्रजला मास्तरनं आणि मी मिळून हेड उतरवलं, खाली मुलगा उभा होता मोटरसायकल घेऊन. मावशी वळून म्हणाल्या, "आईला सांग, पट्टा कापून बघ म्हणावं आधी." एवढंच.

बॅचमधल्या एका मुलानं विचारलं, मॅडम, तुमच्या जागी मी असतो आणि खिडकीला तुमच्या वयाची बाई असती तर? हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि याच्यावर गुळगुळीत उत्तर द्यायचं मी टाळलं. पायाला पाय लागला तर त्याचं पुढं काय होतं हे बाई-बाई आणि पुरुष-बाई यांच्यात एकसारखं नसतं, आणि बायकांनी एसटीत काय काय सोसलेलं असतं हे त्या सीटवर बसणाऱ्या पुरुषाला माहीत असायला हवं. त्याला मी एवढंच सांगितलं की दोनदा एका शब्दात उत्तर आलं की थांबायचं. त्यावर तो लगेच म्हणाला, पण तुम्हाला पण दोनदा तसंच उत्तर आलं होतं की! हो, आलं होतं, आणि मी थांबले होते, हेडफोन घातला होता. तिसऱ्यांदा सुरुवात मी नाही केली. "आगं आगं पाय" हे त्यांचं वाक्य होतं.

रविवारी परत आले. या वेळी खंबाटकीच्या बोगद्यातून. शेजारी कॉलेजचा मुलगा, कानात ते छोटे इअरबड. मी मनात म्हटलं बघू या, आणि अगदी खरं, गरजेचंच विचारलं, "दादा, खिडकी थोडी ओढू का?" तो म्हणाला, "हां." ओढली. कात्रजपर्यंत दोघंही झोपलो. स्वारगेटला मी उतरून पाच पावलं गेले असेन तेवढ्यात मागून हाक आली, "मॅडम, बाटली राहिली तुमची."